मूत्रपिंड मिळाले, पुढे काय?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मुलांचे निकाल, मुलींचे पुढील शिक्षण, शिष्यवृत्त्या यांविषयी बोलले जाते. सेक्रेटरी साहेबांनी मलाही "विज्ञान आणि आपला समाज" असा विषय दिला होता. तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून विज्ञान शिकविलेल्या माणसाला तो सोपाच होता. परंतु मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. त्याला कारण घडले. मागील वर्षभरात आपल्या एरंडोलातील दोन कुटुंबे माझ्या दारी येऊन गेली. एका घरातील बाईस आणि दुसऱ्या घरातील तरुण मुलास किडनी बदलावी लागणार होती. दोन्ही घरांनी मला एकच प्रश्न विचारला, "मास्तर, ऑपरेशनला किती खर्च येतो?" ऑपरेशन करून माणूस घरी आल्यावर काय करावे लागते, हे कोणीच विचारले नाही. आमच्या घरावर ती वेळ आली तेव्हा मीही विचारले नव्हते. त्याची किंमत आम्ही मोजली. ती आपण मोजू नये म्हणून आज बोलतो आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. हायवेलगत त्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दीड वर्ष आठवड्यातून दोन वेळा जळगावला डायलिसिससाठी जाणे, म्हणजे तीस किलोमीटर जाणे, चार तास यंत्राला जोडून पडून राहणे आणि पुन्हा तीस किलोमीटर येणे, असे चालले होते. मी किडनी देण्यास पुढे झालो, तर मला साखर निघाली. भाभीचा रक्तगट जमला नाही. शेवटी आमच्या अम्मीने, वय वर्षे ५८, आपली एक किडनी त्याला दिली. हे डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात झाले. त्याच महिन्यात तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्यावरही दिल्लीच्या एम्समध्ये हीच शस्त्रक्रिया झाली होती. गावातले लोक भावाला धीर देताना म्हणत, "अरे, मंत्रीसाहेबांची आणि तुझी दुखणी एकच!" तो हसे. त्या दिवसांत त्याला हसविणारी तेवढी एकच गोष्ट होती.

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक शिक्षक आहे. जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केले. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे एकमेकांची हुबेहूब प्रतिमा असणारे जुळे भाऊ होते. रोनाल्डने आपली किडनी रिचर्डला दिली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आजारी रिचर्डने भावाकडे चिठ्ठी पाठविली की, तू इथून निघून घरी जा. रोनाल्डने उलट कळविले की, मी आलो आहे आणि इथेच राहणार आहे. ही चिठ्ठी मी तुम्हांस मुद्दाम सांगितली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, आणि इस्पितळात ज्या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली तिच्याशीच त्याने लग्न केले. रोनाल्ड शाळेत गणित शिकवीत राहिला आणि एका किडनीवर २०१० पर्यंत जगला. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसविली गेली. त्याआधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याचे धाडस केले होते. रुग्ण काही तासच जगला. हात कुशल होते, परंतु शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठीची चांगली औषधे तेव्हा नव्हती आणि मेंदूमृत्यूचा कायदाही नव्हता. कायदा १९९४ साली झाला. औषधे १९८० नंतर आली, आणि ती कोठून आली म्हणाल, तर मातीतून. सायक्लोस्पोरिन मातीतल्या एका बुरशीपासून मिळाले, आणि आज सर्वत्र दिले जाणारे टॅक्रोलिमस जपानमधील एका डोंगराच्या पायथ्याच्या मातीतील जंतूपासून मिळाले.

आता मूळ गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे सारे समजेल. आपल्या शरीरात राखणदार असतात. परके जे काही आत येईल त्यावर तुटून पडणे हे त्यांचे काम. जंतू आला तरी ते तुटून पडतात आणि आईची किडनी आली तरी तुटून पडतात. आई कोण आणि जंतू कोण, एवढी त्यांना ओळख नसते. बोस्टनचे भाऊ हुबेहूब जुळे होते, म्हणून तेथे ही अडचण आली नाही. इतर सर्वांना या राखणदारांना रोज थोडी झोप द्यावी लागते. ते काम गोळ्या करतात. गोळ्या चुकल्या की राखणदार जागा होतो. आणि तो झोपेत असतो तेव्हा खरा चोर, म्हणजे जंतू, सहज आत येतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे सगळे आयुष्य या दोन धोक्यांच्या मधून चालते. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, कातडीपासून फार खोल नाही अशी बसविलेली असते, जुन्या किडन्या बहुधा जागच्या जागी राहू देतात. गोळ्या मात्र ती किडनी आहे तोवर, म्हणजे जन्मभर. "आणखी किती दिवस गोळ्या?" हा प्रश्न घरात कोणी विचारू नये. आमच्याकडे दर पाहुणा तो विचारीत असे.

तीन महिने मुंबईत भाड्याच्या खोलीत काढून मार्च २०१७ मध्ये आम्ही परतलो. जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा दोन गाड्या भरून माणसे घ्यायला आलेली. घरी पोचलो तो मोहल्ल्यात मंडप! हार, मुसाफहा, गळाभेट. भावाच्या तोंडाला पट्टी होती. "तोंडाला हे काय बांधलेस, आम्ही का परके?" असे म्हणून एका बुजुर्गांनी ती स्वतःच्या हाताने खाली ओढली. २०२० नंतर ती पट्टी साऱ्या जगाच्या तोंडावर आली, आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही, पण तेव्हा आमची अवस्था अशी की, नाही म्हणावे तर लोकांची मने दुखतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ माणसे येत होती. दहाव्या दिवशी भावाला १०१ ताप. सर्दीखोकल्याचा कोणी येऊन गेला असावा. तुमच्या-माझ्या घरात १०१ ताप म्हणजे एक क्रोसिन. त्याच्यासाठी तो रातोरात गाडी करून धावण्याचा ताप होता. शंभरावर अर्धा अंश गेला की डॉक्टरांना फोन, ही आम्हांस दिलेली सूचना होती. गर्दीच्या धांदलीत थर्मामीटरच सापडत नव्हता.

आजाऱ्याच्या भेटीला जाणे, इयादत, हे आपल्याकडे सवाबाचे काम मानतात आणि ते आहेच. माझे म्हणणे एवढेच की, प्रत्यारोपणाच्या घरी पहिले तीन ते सहा महिने इयादत दारातून करावी. फोनवरून करावी. फळांची पिशवी नेण्याऐवजी त्या घराचे एक काम उचलावे. आमच्या शेजारच्या एका खालांनी काय केले ते ऐका. त्या घरात आल्याच नाहीत. रोज सकाळी दाराबाहेरून हाक मारून भावाच्या दोन्ही मुलांना घेऊन जात, शाळेत सोडीत आणि दुपारी परत आणीत. चार महिने. भाभी अजून म्हणते, एवढ्या लोकांनी दुआ दिली, पण मला दोन तास झोप कोणी दिली असेल तर त्यांनी.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाला डॉक्टर वेगळे सांगतात आणि तेच पाळावयाचे असते. पहिल्या काळात घरात शिजविलेले, ताजे, गरम अन्न. दूध उकळूनच. हातगाडीवरची चटणी, चिरून ठेवलेली फळे, उसाचा रस बंद. मांस पूर्ण शिजलेले, आणि बकरी ईदला कापाकापीपासून माणूस दूर. अंगणातल्या कोंबड्या, बकऱ्या, पारव्यांची विष्ठा यांपासूनही त्याला दूर ठेवावे. पपनस आणि त्याच्या जातीची फळे औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवितात, ती वर्ज्य. आणि आमच्या खान्देशात गंमत अशी की, केळी द्यावीत की नाही हे आधी रक्तातील पोटॅशियम पाहून डॉक्टरांना विचारावे लागते. जळगाव जिल्ह्यात केळ नाही म्हणणे पाहुण्याला भारी अवघड जाते! पाण्याचे उलटे आहे. डायलिसिसवर असताना घोटघोट मोजून पाणी प्यालेला माणूस आता भरपूर पाणी पिऊ शकतो, प्यावे लागते, पण मन धजत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत अंगातले पाणी आटले की पहिला मार किडनीवर बसतो. आमची लहानगी पुतणी बाटलीवर रेघा मारून अब्बांना दर तासाला एका रेघेपर्यंत प्यायला लावी.

या पुतणीबद्दल विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. ती तेव्हा आठवीत होती. तिने शंभरपानी वहीत रकाने आखले. सकाळचे वजन, ताप, रक्तदाब, लघवी किती झाली, कोणती गोळी किती वाजता. एक दिवसही चुकविला नाही. एकदा दोन दिवसांत वजन दीड किलोने वाढल्याचे तिलाच प्रथम दिसले. आम्ही म्हणालो, बरे झाले, अंग भरते आहे. ती म्हणाली, "चाचाजान, दोन दिवसांत कोणी जाडा होत नाही, हे पाणी आहे." पायांवर सूज होतीच, आम्हांला दिसली नव्हती. डॉक्टरांनी औषध बदलले. पुष्कळदा तर किडनी नाकारली जात असताना माणसाला काहीच जाणवत नाही, रक्त तपासल्यावरच क्रिएटिनिन वाढलेले कळते. म्हणून "मला बरे वाटते आहे, या वेळी तपासणी राहू द्या" हे मान्य करावयाचे नाही. आणि टॅक्रोलिमसची पातळी पाहावयाची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावयाची. आम्ही एकदा घरून गोळी देऊन जळगावला नेले आणि सगळा दिवस फुकट गेला. औषधाची कंपनीही दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नये. अंगदुखीची गोळी, मित्राने दिलेली जडीबुटी, कोणाचा काढा, यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. किडनीला हेतू कळत नाही.

शरीराचे हे झाले. मनाचे अवघड आहे.

माझा भाऊ शांत स्वभावाचा. लहानपणापासून त्याने माझ्यासमोर आवाज चढविल्याचे आठवत नाही. मुंबईहून आल्यावर तो ताटाला लाथ मारू लागला. रात्र रात्र झोप नाही. चेहरा सुजून गोल झाला, हात थरथरू लागले. बारीक नट हातातून निसटे. ज्या हातांवर दुकान चालत होते त्यांना पान्हा धरवेना. त्याने घरातील आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. भाभीला वाटले, शस्त्रक्रियेत डोक्यावर काही परिणाम झाला. मलाही तसेच वाटले, आणि मी त्याला दोनदा रागे भरलो. पुढे कळले की चेहरा गोल होणे, भूक भडकणे, झोप उडणे, चिडणे हे स्टेरॉइडच्या गोळ्यांनी होते, आणि थरथर टॅक्रोलिमसने. मात्रा कमी होत जाते तसे तेही बहुतेक ओसरते. हे आम्हांला आधी माहीत असते तर त्या घरात निम्मी भांडणे झाली नसती.

परंतु सगळेच गोळ्यांमुळे नव्हते. एक दिवस आमच्या नात्यातील एक बुजुर्ग त्याला म्हणाले, "बेटा, आईचे दूध सगळेच पितात, तू तर आईची किडनी घेतलीस. आता तिची सेवा कर." त्यांनी कौतुकाने म्हटले. त्या रात्री भाऊ मला म्हणाला, "भाईजान, मी घ्यायला नको होती. अम्मी जिना चढताना थांबते, तेव्हा मला वाटते मी चोरी केली." बोस्टनच्या रिचर्डने जी चिठ्ठी लिहिली तीच ही. घेणाऱ्याच्या मनात हे ओझे असतेच. तो ते बोलत नाही, कारण बोलले की कृतघ्न ठरतो. घरातील माणसांनी ते ओझे वाढवू नये. "तुझ्यासाठी आम्ही काय काय केले" ही यादी कधीही वाचू नये, भांडणातसुद्धा नाही. ज्याला मेंदूमृत दात्याचा अवयव मिळतो त्याचे ओझे आणखी निराळे, कारण तो कोणाचे आभारही मानू शकत नाही. दात्याचे आणि घेणाऱ्याचे नाव एकमेकांना सांगत नाहीत. त्याच्या मनात राहते की, माझ्यासाठी कोणी तरी मेले. ते तसे नसते. तो माणूस त्याच्यासाठी मेलेला नसतो, हे त्याला शांतपणे आणि पुष्कळदा सांगावे लागते.

आमच्याकडे ते ओझे उतरविले अम्मीनेच. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तू माझ्या पोटात नऊ महिने माझ्या दोन्ही किडन्यांवर जगलास. तेव्हा हिशेब मागितला का मी?" भाऊ रडला. रुग्णालयातील समन्वयक ताईंनी आम्हांस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सांगितले होते. मी लाजेने नेले नव्हते, पुढे नेले आणि उपयोग झाला. ती लाज कशाची होती ते आज मला सांगता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. तिच्यासाठीच मी येथे उभा आहे.

२०१७ च्या रमजानमध्ये डॉक्टरांच्या सक्त मनाईमुळे भावाने रोजे ठेवले नाहीत. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपल्यापैकी लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु सारा मोहल्ला रोज्याने असताना एकट्याने पाणी पिणे त्याला फार लागले. तो दुपारी दार लावून जेवत असे. मे २०१८ मध्ये पुन्हा रमजान आला. त्याची प्रकृती उत्तम होती, क्रिएटिनिन १.३ होते. त्याने मला विचारले, "भाईजान, या वर्षी ठेवू का?" मी विज्ञान शिक्षक. मी म्हणालो, "आता तू अगदी बरा आहेस. मनाची तयारी असेल तर ठेव."

हिशेब तुम्हीच करा. त्याच्या गोळ्या बारा-बारा तासांनी, सकाळी आठ आणि रात्री आठ. आता सहरी सव्वाचारच्या आत, इफ्तार सातनंतर. एका बाजूला पंधरा तासांचे अंतर, दुसऱ्या बाजूला नऊ. मधे ४४ अंशांची दुपार आणि पत्र्याच्या दुकानात पाण्याचा थेंब नाही. दोन-तीनदा सहरीला उठायला उशीर झाला, तेव्हा त्याने गोळी तशीच सोडली आणि कोणाला सांगितले नाही. पुतणीची वही त्या महिन्यात बंद होती, कारण अब्बा "आता बरे" होते. सोळाव्या रोज्याला लघवी कमी झाली, अठराव्याला पायांवर सूज. जळगावला रक्त तपासले तर क्रिएटिनिन २.४. त्याच रात्री मुंबई गाठली. सव्वाचारशे किलोमीटरच्या त्या प्रवासात अम्मी खिडकीशी बसून होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला कोणी सांगितले नव्हते की परवानगी मी दिली होती, पण तिला कळले होते.

सुईने किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीराने किडनी नाकारण्यास सुरुवात केली होती. तीन दिवस शिरेतून भारी स्टेरॉइड दिले. किडनी वाचली, पण क्रिएटिनिन १.७ वर येऊन थांबले. जे गेले ते परत आले नाही. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "फोन का केला नाही?"

परत आल्यावर आमच्या मशिदीचे इमामसाहेब स्वतः घरी आले, ओट्यावर दूर बसले, आणि भावाशी तासभर बोलले. रोज्याऐवजी फिदिया कसा द्यावयाचा ते समजावले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भर बैठकीत आपल्या हाताने भावापुढे पाण्याचा पेला धरला. त्या एका पेल्याने जे काम केले ते माझ्या शंभर व्याख्यानांनी झाले नसते. दार लावून जेवणे त्या दिवसापासून बंद झाले. ज्या घरी प्रत्यारोपण झाले आहे त्यांनी रमजानच्या आधी महिनाभर डॉक्टर आणि आलिम, दोघांनाही विचारावे. मोठ्या भावाला विचारू नये.

आणि अम्मी? या साऱ्या गोष्टीत अम्मीबद्दल कोणी विचारले का? तुम्हीही आतापर्यंत विचारले नाही. आम्हीही नाही. किडनी देणारा माणूस चार-सहा आठवड्यांत कामाला लागतो आणि उरलेली किडनी पुष्कळसा भार उचलते, हे खरे. परंतु त्यालाही दुखते, त्यालाही विश्रांती लागते, आणि वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन हे जन्मभर तपासावे लागते. इस्पितळातून आल्यावर पंधराव्या दिवशी अम्मी पाहुण्यांसाठी चुलीसमोर बसली होती. भावाच्या चाळीस तपासण्या झाल्या तोवर तिची एकही नाही. दीड वर्षाने, त्या मुंबईच्या फेरीत, कोणी तरी सहज तिचा रक्तदाब मोजला, तो १७० निघाला. जिन्यात ती का थांबत होती ते तेव्हा कळले.

१९९५ ते २०२१ या काळात आपल्या देशात ज्यांना अवयव मिळाले त्यांच्यात पाचांपैकी जवळजवळ चार पुरुष होते. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बहुसंख्य बायका आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. दिले तर देऊ द्या. पण बाईची किडनी गेल्यावर तिच्यासाठी रांगेत कोण उभे राहते, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. कायद्याने दात्याला समितीपुढे एकटे विचारतात की, तुझ्यावर दबाव आहे का. हा प्रश्न घरातही एकदा, दार लावून, खरेपणाने विचारावा. आणि तिने नाही म्हटले तर तो विषय तेथेच मिटवावा.

धीराबद्दल एक उदाहरण देतो. मुंबईच्या मोनिका मोरे या मुलीचे दोन्ही हात जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनवर लोकलखाली गेले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने तिला चेन्नईहून विमानाने आणलेले दात्याचे हात बसविले. हात बसले म्हणजे चालू झाले असे नाही. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला एक इंच. दंडापासून बोटाच्या टोकापर्यंत किती इंच होतात ते मुलांनी मोजावे. तेवढे महिने रोज व्यायाम, रोज मालिश, आणि रोज घरातल्या कोणी तरी शेजारी बसणे. किडनीचे काम लवकर दिसते, माझ्या भावाला तर टेबलावरच लघवी सुरू झाली होती. म्हणूनच आम्ही फसलो. मन आणि सवयी मात्र त्याही घरात महिन्याला एक इंचच वाढतात.

त्याला पुन्हा कामावर पाठविणे हाही उपचाराचा भाग. भाभीने वर्षभर त्याला खाटेवरून उठू दिले नव्हते, प्रेमाने. तो आणखी खचत गेला. पुढे दुकानात बाजूला काचेची खोली केली. तो सुटे भाग विकतो, हिशेब पाहतो, धूळ आणि वजन उचलणे दोघे कारागीर पाहतात. तुमच्या वर्गात असे मूल आले तर त्याला खेळात घ्या, फक्त सर्दी झालेल्या मुलाने त्याच्या बाकावर बसू नये. शिक्षकांनी गोळीच्या वेळी त्याला न विचारता पाणी पिऊ द्यावे.

अवयव देणे-घेणे धर्मात बसते का, हेही लोक विचारतात. १९८८ साली जेद्दा येथे इस्लामी फिक्ह अकादमीने अटींसह त्यास परवानगी देणारा ठराव केला. आपल्याकडील सर्व उलेमा एकमताचे नाहीत. ज्याला प्रश्न असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे, मी विज्ञानापलीकडे गेलो की काय होते ते तुम्ही ऐकलेच आहे. विक्रीला मात्र १९९४ च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे, एजंटाच्या नादी कोणी लागू नये. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाला वेगळी मर्यादा आहे, ती २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. कागदपत्रांसाठी माझ्याकडे या. मी रविवारी सकाळी घरीच असतो.

पुतणीची वही मी सोबत आणली आहे, त्या टेबलावर ठेवतो. ती आता डी. फार्मसीला आहे, रकाने कसे आखावयाचे ते ती मुलींना दाखवील. अम्मी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. भाषण झाल्यावर त्यांना भेटणाऱ्यांनी प्रथम त्यांचीच प्रकृती विचारावी. आणि आठ वाजता मागच्या बाजूला घड्याळाचा गजर वाजेल, तर कोणी मागे वळून पाहू नये. माझा भाऊ दाराजवळच्या खुर्चीवर आहे, पाण्याची बाटली त्याने बरोबर आणली आहे.